धागा: रँक्डआधीचा वॉर्मअप, २५ मिनिटांत नेमकं काय करायचं?

पेठेतला_सेंटिनल

वॉर्मअपबद्दल इथे सारखी विचारणा होते आणि उत्तरं चार ठिकाणी विखुरलेली आहेत, म्हणून एकत्र लिहितोय. सगळं व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम धरून आहे, रँक्ड म्हणजे त्यातली क्रमवारीची मॅच. सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) खेळणाऱ्यांनी खाली भर घालावी.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: वॉर्मअप म्हणजे सराव नव्हे. सरावात नवीन काही शिकायचं असतं, चुकायचं असतं, दमायचं असतं. वॉर्मअपमध्ये जे आधीच येतं ते जागं करायचं आणि ताजं असतानाच थांबायचं. तासभर बॉट (गेमने चालवलेली नकली माणसं) मारून मग रँक्ड लावणारे पहिल्या हाफमध्ये चांगले खेळतात आणि दुसऱ्या हाफमध्ये ढेपाळतात, कारण मनगट आणि लक्ष दोन्ही आधीच खर्ची पडलेले असतात. २० ते २५ मिनिटं पुरेत.

दुसरी गोष्ट, जागं काय करायचं? बहुतेकांना वाटतं फ्लिक, म्हणजे झटक्यात नेम वळवणं. माझ्या मते दोनच गोष्टी आहेत: गोळी झाडण्याआधी थांबणं आणि क्रॉसहेअर (पडद्यावरची नेमाची खूण) डोक्याच्या उंचीवर ठेवणं. थंड हाताने पहिल्या चार राउंडमध्ये जे मरण येतं ते बहुतेक वेळा फ्लिक चुकल्यामुळे येत नाही. पाय हलत असताना बटण दाबलं जातं किंवा क्रॉसहेअर छातीवर असतो, म्हणून येतं.

रेंजमध्ये (गेममधलं सरावाचं मैदान) गेल्यावर पहिली २ मिनिटं एकही फ्लिक मारू नका. क्रॉसहेअरच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या रेषा चालू करा आणि त्यांना 'मूव्हमेंट एरर' द्या. आता चालताना त्या रेषा फाकतात आणि थांबलात की मिटतात. शेरीफ हे पिस्तूल घ्या. डावीकडे एक पाऊल, की सोडा, रेषा मिटल्या की एक गोळी. उजवीकडे एक पाऊल, सोडा, मिटल्या, गोळी. बॉट मेला की नाही ते पाहू नका, रेषा पाहा. साधारण ३० गोळ्यांनंतर बोटाला तो क्षण कळायला लागतो. मग रेषा बंद करून पुढची ३० गोळ्या त्याच लयीत. रँक्डमध्ये त्या रेषा चालू ठेवू नका, नजर समोरच्या माणसावरून त्यांच्याकडे खेचली जाते.

यासाठी शेरीफ एवढ्यासाठी की मॅगझिनमध्ये ६ च गोळ्या असतात आणि घाई केली की गोळी लगेच भरकटते. व्हँडल रायफलने हेच केलं तर दुसरी-तिसरी गोळी चूक झाकून टाकते.

त्यानंतर व्हँडल किंवा फँटम, जी तुम्ही मॅचमध्ये घेता तीच. बॉट्सचं स्ट्रेफिंग (आडवं सरकणं) चालू करा, चिलखत चालू ठेवा. ५० बॉट, जास्तीत जास्त दोन गोळ्यांत एक. शेवटी ३० बॉटची चाचणी मध्यम पातळीवर एकदाच. आकडा चांगला आला नाही म्हणून पुन्हा-पुन्हा लावत बसू नका, तिथेच १५ मिनिटं जातात.

मग एक डेथमॅच (प्रत्येकजण एकटा, सगळ्यांविरुद्ध), आणि रँक्ड. डेथमॅच कशी खेळायची हा वेगळा विषय आहे, त्यावर खाली कोणीतरी नीट लिहा.

कर्वेनगरचा_ड्युएलिस्ट

डेथमॅचचं मी घेतो, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते.

१४ जण, ९ मिनिटं, ४० किल आधी करेल तो जिंकला. हा आकडा डोक्यातून काढून टाका. जिंकायला गेलात की माणूस नकळत तीन सवयी लावून घेतो: कोपऱ्यात बसून राहणं, दिसला की खाली बसून स्प्रे (सलग गोळ्या) करणं, आणि पावलांचा आवाज आला की पाठ फिरवून धावणं. तिन्ही सवयी पुढच्या ४० मिनिटांत रँक्डमध्ये दिसतात. खाली बसून स्प्रे तर विशेष, कारण डेथमॅचमध्ये तो चालून जातो. समोरचा पण घाईत असतो.

त्याऐवजी ९ मिनिटांचे तीन भाग करा.

पहिली ३ मिनिटं घोस्ट पिस्तूल किंवा शेरीफ. क्राउचची (खाली बसायची) की वापरायचीच नाही. ज्यांना ती आपोआप दाबली जाते त्यांनी तेवढ्यापुरती ती की सेटिंगमधून काढून टाकावी, १० सेकंदांचं काम आहे.

मधली ३ मिनिटं रायफल, पण एका वेळी जास्तीत जास्त ३ गोळ्या. ३ मध्ये मेला नाही तर बाजूला एक पाऊल आणि पुन्हा थांबून ३. व्हँडलची डोक्यातली गोळी कुठल्याही अंतरावर १६० नुकसान करते, म्हणजे पूर्ण चिलखतासकट १५० जीव असलेला माणूस एका गोळीत जातो. अंगावर ४० प्रमाणे ४ गोळ्या लागतात. पहिली गोळी नीट गेली तर बाकी सगळं सोपं असतं, आणि वॉर्मअप त्या पहिल्या गोळीसाठीच आहे.

शेवटची ३ मिनिटं नेहमीसारखं खेळा, पण प्रत्येक कोपरा पीक करताना (कोपऱ्याबाहेर डोकावताना) आधी ठरवा की माणूस कुठे असेल, आणि क्रॉसहेअर तिथे ठेवूनच बाहेर पडा. पाठीमागून मेलात तर सोडून द्या. डेथमॅचमध्ये स्पॉन (मेल्यावर पुन्हा येणं) कुठेही होतो, त्याचा राग धरून रँक्डमध्ये जाऊ नका.

एकच डेथमॅच. फार तर दोन. तिसरी लावावीशी वाटत असेल तर त्या दिवशी डोकं ठिकाणावर नाही असं समजा, आणि अनरेटेड किंवा स्विफ्टप्ले (क्रमवारीत न मोजल्या जाणाऱ्या मॅच) खेळा.

नवी_पेठ_नवा_खेळाडू

खूप उपयोगी. दोन शंका आहेत. एक, टीम डेथमॅच चालेल का? ती जास्त खरी वाटते. दोन, एमलॅब्सवर (नेमाच्या सरावाचं सॉफ्टवेअर) ग्रिडशॉट हा प्रकार रोज १० मिनिटं करतो, ते ठेवू की सोडू?

कर्वेनगरचा_ड्युएलिस्ट

@नवी_पेठ_नवा_खेळाडू, टीम डेथमॅच चालेल, पण वॉर्मअपसाठी मला ती दुय्यम वाटते. तिथे क्षमता (पात्रांच्या खास शक्ती) वापरता येतात आणि १०० किलची शर्यत असल्यामुळे सगळे एकमेकांवर तुटून पडतात. अंतर राखून कोपरा धरण्याची किंवा शांतपणे पीक करण्याची संधी फार मिळत नाही. जवळची लढाई आणि दोघांना एकामागून एक मारणं यासाठी मात्र चांगली आहे. रेझ किंवा जेट ही पात्रं खेळत असाल तर डेथमॅचच्या जागी अधूनमधून घ्या.

फँटम_पिंपळे

ग्रिडशॉटबद्दल मी सांगतो. सोडा.

कारण असं: ग्रिडशॉटमधले गोळे मोठे असतात, तीन एकाच वेळी दिसतात, आणि मधलं अंतर बऱ्यापैकी असतं. त्यामुळे हात लांब उडी मारायला आणि उडीच्या शेवटी न थांबता क्लिक करायला शिकतो. व्हॅलोरंटमध्ये नेमकं उलटं लागतं. क्रॉसहेअर आधीच जवळ असतो, शेवटचं बोटभर अंतर सावकाश जुळवायचं असतं, मग क्लिक. १० मिनिटं ग्रिडशॉट करून आलेला माणूस पहिल्या डेथमॅचमध्ये डोक्याच्या पलीकडे जाऊन गोळी मारतो. हे हमखास दिसतं.

एमलॅब्स किंवा कोवाक्स वापरायचंच असेल तर ५ मिनिटं, आणि छोटे, जवळजवळचे टार्गेट असलेले प्रकार घ्या. वेगापेक्षा अचूकता पाहा: ९० टक्क्यांच्या खाली आलात तर वेग कमी करा. २ मिनिटं हळू ट्रॅकिंग (हलत्या टार्गेटवर नेम धरून ठेवणं) करा, त्याने हाताची पकड सैल होते. माउस आवळून धरणं हा थंड हाताचा पहिला दोष आहे आणि ट्रॅकिंगमध्ये तो लगेच कळतो, क्रॉसहेअर थरथरत पुढे जातो.

ट्रेनरमध्ये गेम प्रोफाइल व्हॅलोरंटचंच निवडा. दुसऱ्या गेमच्या मापात सेन्स (माउसची संवेदनशीलता) घातलात तर १० मिनिटं चुकीच्या अंतराचा हात बसतो, त्यापेक्षा वॉर्मअप न केलेला बरा.

पेठेतला_सेंटिनल

ग्रिडशॉटवर पूर्ण सहमत.

एक राहिलं. रेंजमध्ये सगळ्या बॉट्सची डोकी जवळपास एकाच रेषेत असतात. त्यामुळे आडवा हात गरम होतो, उभा नाही. त्यासाठी कस्टम गेम उघडा, चीट्स चालू करा, एकटेच नकाशात फिरा. बंदूक चालवायची नाही, फक्त चालायचं. असेंट या नकाशावर ए मेन या वाटेतून बाहेर येताना क्रॉसहेअर आधी जनरेटरच्या कडेला, डोक्याच्या उंचीवर. मग तिथून वर हेवनला. हेवन उंच आहे, म्हणजे क्रॉसहेअर तिरका वर जातो, आणि तिथेच बहुतेकांचा हात अर्ध्यात थांबतो. परत खाली, पुढचा कोपरा. हीच चाल ३ वेळा. नकाशाची एक बाजू २ मिनिटांत होते. रँक्डमध्ये कोणता नकाशा येईल हे ठाऊक नसतं, म्हणून चालू पूलमधला (रँक्डमध्ये सध्या असलेल्या नकाशांतला) ज्यावर हात कच्चा आहे तो घ्या.

क्षमता वापरणाऱ्यांनी तिथेच अनंत क्षमता चालू करून आपल्या एजंटच्या (पात्राच्या) दोन-तीन लाइनअप (ठरलेल्या जागेवरून क्षमता नेमक्या ठिकाणी फेकणं) एकेकदा मारून घ्याव्यात. सोव्हा आणि व्हायपर खेळणाऱ्यांना हे टाळून चालणार नाही.

सीएस_सिंहगडरोड

सीएस२ ची भर.

व्हॅलोरंटवरून इकडे आलेल्यांचा सगळ्यात मोठा घोळ थांबण्यात होतो. व्हॅलोरंटमध्ये की सोडली की माणूस पटकन थांबतो. सीएस२ मध्ये सोडून चालत नाही, घसरतो. डावीकडे जात असाल तर ए ही की सोडून डी चा हलका टिचका द्यावा लागतो, मग गोळी. टिचका लांबला तर उलट्या दिशेला चालायला लागता आणि गोळी पुन्हा उडते. वॉर्मअपची पहिली ३ मिनिटं हीच. रिकाम्या सर्व्हरवर भिंतीसमोर उभे राहा, टिचका देऊन एक गोळी झाडा आणि भिंतीवरची खूण पाहा. क्रॉसहेअरच्या मध्यावर खूण पडली तर बरोबर. एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला चूक असं बहुतेकांचं असतं, कच्च्या बाजूला दुप्पट वेळ द्या.

त्यानंतर वर्कशॉपमधला एम बॉट्झ हा सराव-नकाशा, १०० किल, एके-४७ ने एक-एक गोळी. एके हेल्मेट घातलेल्यालाही डोक्यात एका गोळीत पाडते, एम४ पाडत नाही. त्यामुळे सीटी (दहशतवादविरोधी) बाजूला एम४ ने दोन गोळ्यांची लय वेगळी बसवावी लागते, २५-३० किल तिच्यासाठी राखा. स्प्रेचा पूर्ण ३० गोळ्यांचा सराव वॉर्मअपमध्ये नको, पहिल्या १० पुरेत. त्या वर चढतात, माउस सावकाश खाली ओढायचा, आणि भिंतीवर त्या जवळजवळ एकाच जागी बसल्या की पुढे चला. उरलेली १० मिनिटं एफएफए (सगळ्यांविरुद्ध एकटा) डेथमॅच.

कीबोर्डबद्दल एक गोष्ट, कारण हल्ली बरेच जण हॉल इफेक्टवाले (चुंबकाने की ओळखणारे) घेताहेत. ए आणि डी एकत्र दाबल्यावर शेवटची की आपोआप धरणारी जी सोय असते, ती सीएस२ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ पासून आपल्या अधिकृत सर्व्हरवर बंद केली आहे. चालू राहिली तर मॅचमधून बाहेर काढतात. व्हॅलोरंटसाठी चालू ठेवून इकडे येत असाल तर वॉर्मअपआधीच बंद करा, नाहीतर थांबण्याची लय एक बसते आणि मॅचमध्ये दुसरीच लागते.

फिजिओ_ताई

हाताबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि पाषाण, एनडीएच्या बाजूला त्याहून गार वाटतं. गार बोटांची हालचाल मंद होते, कितीही बॉट मारले तरी. आधी कोमट पाण्यात २ मिनिटं हात धरा, नीट पुसा, मग बसा. फुंकर मारून किंवा हात चोळून जी ऊब येते ती फक्त कातडीपुरती असते, मिनिटभरात जाते.

नंतर हलक्या हालचाली: मूठ उघड-बंद २० वेळा, मनगट दोन्ही दिशांना १० वेळा, कोपर सरळ ठेवून तळवा वर-खाली १० वेळा, खांदे मागे १० वेळा. बोटं मागे खेचून अर्धा मिनिट ताणून धरणं खेळाआधी करू नका. ते खेळ संपल्यावर.

खुर्चीची उंची अशी ठेवा की कोपर टेबलाच्या पातळीला येईल. टेबलाची धारदार कड मनगटाखाली किंवा कोपराच्या आतल्या हाडाखाली येत असेल तर तिथे घडी घातलेला नॅपकिन ठेवा. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील तर मनगटात नस दबते आहे असं समजावं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल तर बहुधा कोपरात. दोन्हींत वॉर्मअप वाढवून उपयोग नाही. खेळ थांबवा, आणि दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

फँटम_पिंपळे

ताई, हे वर चिकटवून ठेवायला हवं. धन्यवाद.

पावसाळ्याचं एक जोडतो. जून ते सप्टेंबर कापडी माउसपॅड हवेतला दमटपणा धरतो आणि माउस जड चालतो. फ्लिक डोक्याच्या अलीकडेच थांबायला लागले की लोक सेन्स वाढवतात, आणि ऑक्टोबरात पॅड कोरडा झाला की सगळं पलीकडे जायला लागतं. सेन्सला हात लावू नका. पॅड खेळाआधी १० मिनिटं पंख्याखाली उभा करा, माउसचे खालचे स्केट्स कोरड्या कापडाने पुसा. महिन्यातून एकदा पॅड साध्या पाण्यात थोडा साबण घालून धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. अर्धवट वाळलेला पॅड न धुतलेल्यापेक्षा वाईट चालतो.

कोथरूड_आयजीएल

पाच जणांची टीम असेल तर वॉर्मअप फक्त हाताचा नको, कानाचा आणि तोंडाचाही हवा.

सगळ्यांनी ठरलेल्या वेळेच्या १० मिनिटं आधी व्हॉइसवर या. प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं, बाकीच्यांनी आवाज कमी-जास्त सांगायचा. गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी ढोल पथकांचा सराव चालतो. नदीकाठच्या सोसायट्यांत माइक उघडा ठेवला तर बाकी चौघांना पावलं ऐकू येत नाहीत. त्या दिवसांत पुश-टू-टॉक सक्तीचं ठेवा. एचआरटीएफ (हेडफोनवर आवाजाची दिशा दाखवणारी सोय) गेममध्ये चालू ठेवलंत तर विंडोज आणि हेडफोनच्या सॉफ्टवेअरमधला सराउंड बंद करा. दोन्ही एकत्र चालले की आवाज मागून आला की पुढून हेच कळत नाही. रेंजमध्ये हे तपासता येत नाही, डेथमॅचमध्ये येतं: ३० सेकंद एका जागी उभे राहा, पाऊल कुठून आलं ते मोठ्याने सांगा, मग वळून पाहा.

कॉलआउटची भाषा तिथेच जुळवा. 'इथे एक आहे, मार, मार' याला अर्थ नाही. 'हेवनला एक, ८४ मारलेत' एवढं पुरतं: जागा, किती जण, किती नुकसान, या क्रमाने. मेल्यावर दोन सेकंदांत एवढं सांगून गप्प बसायचं. टीम डेथमॅचमध्ये बंदुकीकडे लक्ष न देता फक्त या क्रमाने बोलायचा सराव केला तर एकाच मॅचमध्ये फरक कळतो.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची शक्यता असते, तेव्हा कॉम्प्युटर यूपीएसवर असला तरी राउटर आहे का ते पाहा. बहुतेकांचा नसतो. राउटरचा छोटा यूपीएस वेगळा मिळतो.

नवी_पेठ_नवा_खेळाडू

मी घरी नाही, कॅफेत खेळतो. प्रत्येक वेळी मशीन वेगळं, माउस वेगळा. तिथे वॉर्मअपची वेळ पैशात मोजली जाते. काय आधी करू?

पेठेतला_सेंटिनल

कॅफेसाठी पहिली ३ मिनिटं मशीनला द्या, हाताला नाही.

सेन्स, क्रॉसहेअर आणि कीज तुमच्या अकाउंटसोबत येतात. माउसचा डीपीआय (इंचभर सरकल्यावर किती टिपके मोजतो), मॉनिटरचा रिफ्रेश रेट आणि व्हिडिओ सेटिंग येत नाहीत. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट पाहा. १४४ चा मॉनिटर ६० वर लावलेला बऱ्याचदा सापडतो, आणि मग एक फ्रेम ७ ऐवजी जवळजवळ १७ मिलिसेकंदांनी दिसते. व्ही-सिंक बंद. माउस सेटिंगमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद.

डीपीआय ओळखायला सॉफ्टवेअर लागत नाही, दप्तरातली फूटपट्टी पुरते. रेंजमध्ये भिंतीच्या उभ्या कडेवर क्रॉसहेअर ठेवा, पट्टी पॅडवर माउसच्या बाजूने आडवी ठेवा, आणि बरोबर काटकोनात वळेपर्यंत माउस सरळ सरकवा. किती सेंटिमीटर लागले? ८०० डीपीआय आणि ०.३५ सेन्सला ११.७ लागायला हवेत. ५.८ मध्येच वळलात तर माउस १६०० वर आहे. २३ लागले तर ४०० वर. माउसवरचं बटण दाबून पुन्हा मोजा. बटण नसेल तर गेममधला सेन्स त्या प्रमाणात अर्धा किंवा दुप्पट करा, पण उठताना परत करायला विसरू नका, तो बदल तुमच्या अकाउंटबरोबर घरी येतो.

मग २ मिनिटं मूव्हमेंट एररच्या रेषांचा प्रकार, ३० बॉट, आणि थेट क्यू (मॅचची रांग) लावा. क्यूमध्ये असताना रेंज उघडी ठेवता येते, तो वेळ फुकट जाऊ देऊ नका. डेथमॅच गाळली तरी चालेल, पट्टी गाळू नका.

नवी_पेठ_नवा_खेळाडू

माझा सेन्स ०.४ आहे. मग ११.७ च्या जागी किती धरू? आणि सीएस२ साठी तीच पट्टी चालेल?

सीएस_सिंहगडरोड

व्हॅलोरंटसाठी १३०६३ ला डीपीआय गुणिले सेन्सने भागा, पूर्ण फेरीचे सेंटिमीटर मिळतात. ८०० आणि ०.४ म्हणजे ३२०, फेरी ४०.८, काटकोन १०.२.

सीएस२ ला पट्टी तीच, वरचा आकडा ४१५६४ धरा. सेन्स न्यायचा असेल तर व्हॅलोरंटचा आकडा ३.१८ ने गुणा: ०.४ चा १.२७ होतो. त्यावरही काटकोन १०.२ च्या आसपास आला पाहिजे. नाही आला तर माउसचा डीपीआय समजता त्यापेक्षा वेगळा असू शकतो. माउस एकदा पटकन आणि एकदा सावकाश सरकवून दोन्ही वेळा तेवढेच सेंटिमीटर येतात का ते पाहा.